पाऊणकीच्या पाढ्यावर चाललेली आमची कोकण सहल

लहान मुलांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने जायचं असेल, तर खोल्या ठरवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथी बघावी, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. कुठल्या गावात काय बघायचं हे नंतर ठरवता येतं. समुद्र कधी जवळ असेल आणि कधी लांब, हे आधी कळायला हवं. मुलांचं जेवण, दुपारची झोप आणि पाण्यात खेळणं सगळं त्यावरच बसतं.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, माझ्या सासूबाई (घरात सगळे त्यांना आईच म्हणतात), नुकताच चौथीत गेलेला मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. पुण्याहून ताम्हिणी घाटाने दिवेआगर, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून आंजर्ले-हर्णै, पुन्हा फेरीबोटीने दाभोळची खाडी ओलांडून गुहागर आणि चिपळूणवरून घरी, असा बेत होता.

वैशाख वद्य द्वितीया : पुणे ते दिवेआगर

पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघालो, चांदणी चौकात गर्दी व्हायच्या आत. पिरंगुट, पौड मागे पडलं आणि मुळशीचा जलाशय दिसायला लागला. मे महिन्यात पाणी बरंच आटलेलं असतं, काठाची लाल माती उघडी पडते. इथे धरणाखाली जमिनी गेल्या तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता, हे आईंनी मुलाला सांगितलं. “मग ती गावं अजून खाली आहेत?” असं त्याने विचारलं आणि घाट लागेपर्यंत तो खिडकीतून पाण्याकडेच बघत होता.

घाटात रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. धाकटीने करवंदं पहिल्यांदाच खाल्ली. चिकाने ओठ चिकट झाले, तरी द्रोण सोडेना. ज्यांच्या मुलांना गाडी लागते त्यांच्यासाठी सांगते, निघताना दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा खाकरा द्या, काचा खाली ठेवा आणि ताम्हिणीत दोनदा तरी उतरून दहा-दहा मिनिटं चालवा. आमच्याकडे पिशव्या हाताशी होत्या, एकही लागली नाही.

निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत जेवणाच्या वेळेला दिवेआगरला पोहोचलो. उतरलो होतो ते घर नारळी-पोफळीच्या वाडीतलं. जेवायला तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, आमरस आणि सोलकढी. जेवण होताच मुलं बादल्या-फावडी घेऊन दारात उभी. घरचे आजोबा झोपाळ्यावर बसले होते. ते म्हणाले, “आता कुठे निघालात? पाणी अजून भरलेलंच आहे, नि वाळू तापलीय. साडेपाचला जा. समुद्र आपण होऊन मागे सरेल नि पोरांना अंगण करून देईल.”

हे त्यांना कसं कळलं, असं मुलाने विचारलं. आजोबांनी त्याला जवळ बसवून हिशेब शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. आज द्वितीया, म्हणजे दीड वाजता भरती नि साडेसात-पावणेआठला ओहोटी. पाऊणने गुणायचं कसं, म्हणून मुलगा अडला, तेवढ्यात आई आतून पदराला हात पुसत आल्या आणि म्हणायला लागल्या, “एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन…” पावकी, निमकी, पाऊणकी त्यांना शाळेत असताना पाठ होती. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून मी ती कधी ऐकली नव्हती. आजोबा झोपाळ्यावर ताल धरून पुढचे आकडे म्हणू लागले. त्या दुपारी आमच्या मुलाने पंधरापर्यंतची पाऊणकी पाठ केली.

साडेपाचला गेलो तर खरंच किनारा लांबच लांब उघडा झाला होता. ओल्या वाळूत इवल्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगोळ्या घातल्या होत्या. पाऊल जवळ आलं की खेकडे बिळात, आपण थांबलो की पुन्हा बाहेर. धाकटी तासभर हलली नाही. तिला समुद्रात नेण्याची गरजच पडली नाही.

रात्री अंगणात आजोबा ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाबद्दल बोलले. त्यांच्या वडिलांनी लावलेल्या पोफळी त्या एका दिवसात आडव्या झाल्या. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातलीही कितीतरी झाडं पडली. सुपारीचं झाड फळाला यायला बरीच वर्षं लागतात, त्यामुळे घरांवरची कौलं परत बसली तरी वाडी परत यायला वेळ लागला. टॉर्च घेऊन त्यांनी नवी लावलेली रोपं दाखवली. आता ती त्यांच्या उंचीच्या वर गेली आहेत. एका झाडाला त्यांनी हात लावला आणि मुलाला म्हणाले, “हे तुझ्याहून थोडं लहान.” वाडीतल्या घरी राहायला गेलात तर घाईने निघू नका. वाडीच्या मालकाबरोबर एक फेरी मारा. सुपारी कशी सोलतात, जायफळ झाडावर कसं दिसतं, मिरीचा वेल कशावर चढवतात, हे सगळं मुलांना तिथे हाताने बघायला मिळतं.

तृतीया : श्रीवर्धनच्या रस्त्याने हरिहरेश्वर

सकाळी सव्वाआठला पूर्ण ओहोटी हे मुलाने उठल्याउठल्याच जाहीर केलं. किनाऱ्यावर जाऊन, आंघोळी करून सुवर्णगणेशाच्या दर्शनाला गेलो. १९९७ साली इथल्या वाडीत जमीन खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो दरोड्यात गेला आणि २०२१ मध्ये नव्याने घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. आई तो चोरीला जाण्याच्या आधी एकदा येऊन गेल्या होत्या. या वेळी गाभाऱ्यासमोर त्या बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. जवळच रूपनारायणाचं मंदिर आहे. तिथली विष्णूची मूर्ती इतकी रेखीव आहे की ती न बघता पुढे जाऊ नये.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडीवरून किनाऱ्याचा रस्ता घ्या. आरावीपर्यंत उजव्या हाताला समुद्र सोडत नाही. वाटेत ताडगोळे मिळाले. मुलांना उन्हात शीतपेयं देण्यापेक्षा हे कधीही चांगलं, पोटालाही थंड.

श्रीवर्धन हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचं गाव. सिद्दीच्या त्रासाने त्यांना ते सोडून घाटावर यावं लागलं आणि १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिलं. शनिवारवाडा शाळेच्या सहलीत बघितलेल्या पुण्याच्या मुलाला हे सांगायला फार बरं वाटलं, कारण तो वाडा बांधणारे पहिले बाजीराव यांचेच चिरंजीव. पेशव्यांच्या पुतळ्यापाशी फोटो काढले. रोठा सुपारी घ्यायची असेल तर इथेच घ्यावी.

संध्याकाळी हरिहरेश्वरला पोहोचलो. प्रदक्षिणा लगेच करायची मुलाची इच्छा होती. पण भरती सव्वादोनला होऊन गेलेली, पाणी उतरायला वेळ आणि पुढे अंधार, म्हणून दुसऱ्या दिवसावर ठेवली.

चतुर्थी : प्रदक्षिणा, सावित्री आणि संकष्टी

इथे आधी काळभैरवाचं दर्शन घेतात, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं. प्रदक्षिणेच्या वाटेला डोंगर चढून, दोन कातळांमधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या उतरून आपण थेट समुद्राच्या काठच्या खडकांवर येतो. लाटांनी खडकाला अशी भोकं आणि जाळ्या पाडल्या आहेत की धाकटी प्रत्येक भोकात बोट घालून “इथे कोण राहतं?” विचारत होती.

ही वाट सुंदर आहे आणि तितकीच धोक्याची. भरतीच्या वेळी इथे माणसं वाहून गेली आहेत, तसे फलकही लावलेले आहेत. चतुर्थीला तीन वाजता भरती म्हणजे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. आम्ही आठला खाली उतरलो. पाणी अजून मागे हटत असतानाच जायचं, म्हणजे हातात पुरेसा वेळ राहतो. पूर्ण ओहोटीनंतर उतरलात तर परतताना पाणी चढायला लागलेलं असतं. शेवाळलेल्या काळ्या खडकावर पाय देऊ नका, मुलांना मागून पट्टा असलेल्या चपला घाला आणि प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस ठेवा. लाट लांब वाटली तरी पाण्याकडे पाठ करून फोटोला उभं राहू नका. गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर त्यांनी मंदिरातच बसलेलं बरं. आई तिथेच बसल्या, आणि आम्ही परत येईपर्यंत त्यांची मुंबईहून आलेल्या दोन आज्यांशी मैत्री झाली होती.

बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी फेरीबोट, तिकडचे लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात, हा मुलांसाठी सहलीतला सगळ्यात मोठा आनंद होता. आपली गाडी बोटीवर चढते, दार वर उचललं जातं आणि गाडीसकट आपण पाण्यावर तरंगायला लागतो! पलीकडे बाणकोटचा किल्ला, उजवीकडे सावित्री समुद्राला मिळते. ही बोट नसती तर मोठा वळसा घालून मंडणगडला यावं लागलं असतं. सुट्टीत गाड्यांची रांग लागते. रांगेत थांबायला लागणारच, म्हणून पाणी आणि खाऊ गाडीच्या डिकीत नको, पायाशी ठेवा. वाऱ्याने टोप्या उडतात, त्या बोटीवर काढूनच ठेवा.

बाणकोटजवळच वेळास आहे, नाना फडणवीसांचं मूळ गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे २००२ मध्ये सुरू केलं आणि मग गावानेच ते आपलं केलं. मुलाला पिल्लं समुद्रात जाताना बघायची होती, पण त्यासाठी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल यायला हवं. पुढच्या वेळी परीक्षा सांभाळून एखादा शनिवार-रविवार काढायचं कबूल करून टाकलं.

केळशी, आडे, पाडले करत दुपारी आंजर्ल्याला आलो. संकष्टी असल्यामुळे कड्यावरच्या गणपतीला गर्दी होती. उजव्या सोंडेचा गणपती, टेकडीवरचं पांढरंशुभ्र मंदिर, आणि खाली माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्रात सुवर्णदुर्ग. मूळ मंदिर समुद्राकाठी होतं, पाणी वाढलं तेव्हा देव टेकडीवर आले, असं सांगतात. वर येताना टेकलेलं त्यांचं पाऊल म्हणून एक खडकही दाखवतात. धाकटीने त्या पावलाशेजारी आपलं पाऊल ठेवून माप घेतलं.

मुक्कामाच्या घरच्या काकूंचाही उपास होता. चंद्रोदय रात्री दहाच्या पुढे. मुलं तोवर जागी राहणार नाहीत हे बघून काकूंनी साडेसातलाच त्यांच्यापुरते उकडीचे मोदक वाफवले. मी म्हटलं, “काकू, नैवेद्य व्हायचाय अजून.” त्या म्हणाल्या, “अगं, लेकरांच्या पोटात गेला तो नैवेद्यच. देव काही रागवायचा नाही.” वरून घरच्या तुपाची धार. धाकटीने मोदकाचं फक्त सारण खाल्लं आणि पारी आजीला देऊ केली. आजीचा उपास आहे हे तिला समजावता समजावता आम्ही सगळेच हसत होतो. पुढे दहा वाजून गेल्यावर आई आणि काकू दोघी अंगणात चंद्राची वाट बघत बसल्या. ढग आले होते. चंद्र दिसल्यावर दोघींनी एकमेकींना हाका मारल्या, आणि मग एकाच पाटाला पाट लावून जेवल्या. दोघींची ओळख त्या दुपारचीच होती.

पंचमी : हर्णैचा लिलाव

सकाळची ओहोटी साडेनऊ-पावणेदहाला. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर खडकांमधल्या डबक्यांत मासे, शंखातून डोकावणारे खेकडे आणि हात लावला की मिटणारी समुद्रफुलं बघितली. बघायचं, पण उचलायचं नाही, हा नियम मुलांनी पाळला. इथे पायांना काळे डांबराचे गोळे चिकटले. पावसाळ्याआधी समुद्र ते किनाऱ्यावर आणून टाकतो. साबणाने ते जात नाहीत. खोबरेल तेल लावून चोळा आणि मग धुवा. गाडीत तेलाची छोटी बाटली आणि जुना पंचा असू द्या.

हर्णैला दुपारी चारनंतर पोहोचलो. मोठ्या होड्या लांब उभ्या राहतात आणि मासळी छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून किनाऱ्याला येते. पाण्यात पोटापर्यंत उभे असलेले बैल बघून धाकटी एकदम गप्प झाली. वाळूवर सुरमई, पापलेट, बांगडे, कोळंबीचे ढीग आणि प्रत्येक ढिगाभोवती बोली. आकडे इतके भरभर बोलले जात होते की मुलाला एकही कळेना. तेव्हा एका मावशीने टोपलीवरचा हात न हलवता त्याला समजावलं, “बाळा, मी किती बोलले ते ऐकू नको, समोरचा कुठे थांबला ते ऐक.” त्यानंतर त्याला लिलाव कळायला लागला. फोटो काढायच्या आधी विचारावं. त्यांची कामाची घाई असते आणि पायाखाली बर्फ नि मासळी. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, त्यामुळे मे महिन्यात घाई आणखी वाढलेली.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक, आणि कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराशी जोडलेला. बोटीने जाता येतं. वारा वाढला होता म्हणून आम्ही चार वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो नाही. हर्णैच्याच किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्याच्या तटावरून तो छान दिसतो आणि तिथे मुलांना पळायलाही जागा आहे.

मुरूडला मुक्काम. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. कर्वेनगरजवळ राहणाऱ्या आम्हाला ते नाव रोज बसच्या पाटीवर दिसतं. रात्री वळवाचा पाऊस कोसळला, वीज गेली. घरमालकांनी कंदील लावला आणि गरम भात-कुळथाचं पिठलं वाढलं. धाकटीला मेघगर्जनेची भीती वाटत होती, तर मालकांची सून तिला मांडीवर घेऊन म्हणाली, “घाबरू नको बाय, ढग हापूस मागायला आलेत.”

षष्ठी : दाभोळ, गुहागर आणि बामणघळ

पावसाने हवा धुऊन निघाली होती. लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळला आलो. बुरोंडीला परशुरामाचा भव्य पुतळा बघायला थांबलो. दाभोळच्या धक्क्याजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे. बोटीला वेळ असेल तर नक्की बघा. वाशिष्ठीवरची ही दुसरी फेरीबोट धोपाव्याला जाते. आता मुलं सराईत झाली होती, गाडीतून उतरून आपणहून कठड्यापासून हातभर मागे उभी राहिली.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, जेवण, दोघांची गाढ झोप. मुलाने आदल्या रात्रीच हिशेब मांडला होता. सहा पाऊण साडेचार. म्हणजे हेदवीची बामणघळ बघायला चारला तिथे असायला हवं. बामणघळ ही कातळातली अरुंद चीर आहे. भरतीला लाट तिच्यात शिरते आणि पुढे जागा नसल्यामुळे पाणी वर उसळतं. आम्ही पोहोचलो तेव्हा पहिल्या काही लाटा नुसत्या घुमून गेल्या. मग एक मोठी आली. आधी कातळाच्या आत गडगडाट झाला आणि मग पांढरा स्तंभ डोक्याच्याही वर चढला. मुलगा ओरडला, “आजी, साडेचार!” आईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हे याहून मोठं दिसतं. अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीत मात्र निराशा होऊ शकते. काठापासून बरंच मागे उभं राहा. मुलांचा हात एकदाही सोडू नका. पाऊणकीचा हिशेब हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. खडकांवर उतरायचं असेल तर गावातल्या माणसाला विचारूनच.

तिथून दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन रात्री गुहागरला परतलो.

सप्तमी : घाट चढून घरी

सकाळी सातला निघालो. चिपळूणच्या अलीकडे एका बागायतदाराकडून हापूसच्या दोन पेट्या घेतल्या. त्याने पेटी उघडून वरचा थर आणि मधला थरही दाखवला. तुम्हीही मधला थर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पेट्या डिकीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका. घरी आल्यावर गवतासकट पसरा आणि रोज पालथे करा.

कुंभार्ली घाट चढताना मुलं झोपली. कोयनानगर, पाटण, उंब्रज, मग महामार्ग. साताऱ्याला शेजाऱ्यांसाठी कंदी पेढे घेतले. चारच्या आत वारज्याचा पूल ओलांडला, त्यामुळे संध्याकाळची गर्दी टळली. गुहागरहून निघायला उशीर केला असता तर खंबाटकीपासून पुढे तीच गर्दी लागली असती. सामान उतरवलं, गाडीतली वाळू झाडली, आंबे खाटेखाली पसरले, आणि आईंनी दिवेआगरच्या आजोबांना फोन लावून पोहोचल्याचं कळवलं.